रंगाचं वजन

छंद म्हणून छोटी रॉकेटं बनवून उडवते असं कुणाला सांगितलं की पहिला प्रश्न येतो, "किती उंच जातं?" दुसरा येतो, "परत मिळतं का?" ही दोन्ही उत्तरं सोपी आहेत. तिसरा प्रश्न सहसा घरातलीच माणसं विचारतात, कपाटातल्या रंगाच्या बाटल्या आणि टेबलाखालचा कॉम्प्रेसर बघून. "जे हवेत सोडून द्यायचं, ते एवढं रंगवायचं कशाला?"

विचारणारा थट्टेत विचारतो, पण प्रश्न थट्टेवारी नेण्यासारखा नाही. त्याचं उत्तर शोधताना मी एका अगदीच बाजारी वाटणाऱ्या प्रश्नापाशी येऊन पोचले: रंगवायला साधन कोणतं घ्यायचं? दुकानात मिळणारा रंगाचा स्प्रे पुरे, की एअरब्रश हवा? एअरब्रशची सुई ०.२ मिलिमीटरची की ०.५ची? कॉम्प्रेसर टाकीचा की बिनटाकीचा? वरवर हे सगळे तांत्रिक प्रश्न आहेत. पण प्रत्येकाच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. या वस्तूवर किती काळजी खर्च करणं रास्त आहे, आणि तो खर्च कुणाच्या खात्यावर टाकायचा?

ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मॉडेल रॉकेट म्हणजे कागदाची नळी, बाल्सा नावाच्या हलक्या लाकडाचे तीन-चार पंख, पुढे प्लास्टिकचं किंवा बाल्साचं टोक, आत घडी घालून ठेवलेलं पॅराशूट आणि मागे एकदाच वापरायची काळ्या दारूची तयार मोटर. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावी बुटांचं दुकान चालवणाऱ्या ऑर्व्हिल कार्लाईल यांनी १९५४ साली असं पहिलं रॉकेट बनवलं. १९५७ साली जी. हॅरी स्टाईन यांनी एका मासिकात लेख लिहिला होता. घरोघरी मुलं धातूच्या नळ्यांत दारू ठासून रॉकेटं करतात आणि त्यात बोटं, डोळे गमावतात, हा त्यांच्या काळजीचा विषय होता. तो वाचून कार्लाईल यांनी आपली रॉकेटं त्यांच्याकडे पाठवली. पुढे कोलोरॅडोत व्हर्न एस्टेस यांनी या मोटरी यंत्रावर बनवायला सुरुवात केली आणि छंद देशभर पसरला. मोटर स्वतः भरायची नाही, नळीला आणि पंखांना धातू वापरायचा नाही, हे त्याचे तेव्हापासूनचे नियम. म्हणजे हा छंद जन्मलाच मुळी कुणाला इजा होऊ नये या विचारातून. ही गोष्ट मला पुढे लागणार आहे.

आता रंग. शोभेसाठी रंगवतो, हे अर्धंच उत्तर झालं. कागदी नळीवर गुंडाळीची तिरकी खाच वरपासून खालपर्यंत गेलेली असते आणि बाल्साच्या रेषा बोटाला लागतात. ते भरून, पॉलिश पेपरने घासून, वर प्रायमर आणि रंग दिला की पृष्ठभाग गुळगुळीत होतो आणि हवेचा अडथळा कमी होतो. रंग नसलेली नळी एखाद्या दवाच्या सकाळीही फुगते. रंग तिला ओलीपासून वाचवतो. आणि तिसरं काम माझ्या मते सर्वांत मोठं. रंग दिसण्यासाठी असतो. दोनतीनशे मीटरवर गेलेलं वीतभर-हातभर रॉकेट डोळ्यांना सापडावं लागतं आणि खाली आल्यावर गवतातही सापडावं लागतं. मी राहते त्या उत्तर इलिनॉयमध्ये उडवायच्या मैदानाला चारी बाजूंनी मक्याची शेतं आहेत. जुलै संपेपर्यंत मका डोक्यावरून जातो. त्यात हिरवं रॉकेट पडलं तर ते मक्याचं झालं. म्हणून चमकदार नारिंगी. आणि तो नारिंगी अंगचा पारदर्शक असल्यामुळे त्याच्याखाली पांढऱ्याचं अस्तर हवंच, नाहीतर तो मळकट दिसतो.

मोठ्या रॉकेटांवरही रंग याच कामासाठी आला. सॅटर्न-५ वरचे काळे-पांढरे पट्टे आपल्याला डौलदार वाटतात. ते रंगवले होते ते कॅमेऱ्यातून बघणाऱ्यांना रॉकेट स्वतःभोवती किती फिरतंय हे कळावं म्हणून.

आणि तरीही रंगाला वजन असतं. हा हिशेब एकदा मांडून बघण्यासारखा आहे. २५ मिलिमीटर व्यासाची, ३० सेंटिमीटर लांब नळी घ्या. पंख आणि टोक धरून तिचा पृष्ठभाग साधारण ३५० चौरस सेंटिमीटर भरतो. वाळल्यावर २५ मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या चाळिसाव्या भागाइतका एक थर राहिला तरी त्याचं वजन एक ग्रॅमच्या थोडं वर जातं. प्रायमरचे दोन हात, पांढऱ्याचे दोन, रंगाचे दोन आणि वर चकाकीचा एक, असे सात हात झाले की आठ ग्रॅम. मोटर सोडून सगळं रॉकेट तीस ग्रॅमचं. म्हणजे पोराच्या अंगावर त्याच्या वजनाच्या चौथ्या हिश्श्याइतके कपडे घालून त्याला पळायला सांगायचं. त्यातून हे वजन जास्त करून मागच्या बाजूला, पंखांवर चढतं. मागचं वजन वाढलं की रॉकेटचा तोल बिघडतो आणि ते सरळ जायचं सोडून भरकटतं. काळजी घेतली की वस्तूचं भलंच होतं, अशी आपली समजूत असते. इथे तसं नाही. थोडी काळजी रॉकेटला वर नेते आणि जास्त काळजी त्याला खाली ओढते.

साधन निवडायचा प्रश्न इथे सुरू होतो.

रंगाचा स्प्रे ही मी राहते त्याच भागातली निर्मिती. सिकॅमोर गावच्या एडवर्ड सेमोर यांनी १९४९ साली पत्नी बॉनी यांच्या सूचनेवरून रंग आणि दाबाखालचा वायू एकाच डब्यात भरला. आधी उद्देश होता रेडिएटरला चंदेरी रंग मारण्याचा. स्प्रेचं मोठेपण असं की त्याला काही शिकावं लागत नाही. हलवा, दाबा, फिरवा. पण डब्यात दाब किती, रंग किती पातळ, फवारा किती रुंद, हे सगळं कारखान्यात ठरून गेलेलं असतं. तो बाक, कुंपण, सायकल या मापाच्या वस्तूंसाठी बनलेला आहे. बोटाएवढ्या जाडीच्या नळीवर धरला की निम्म्याहून जास्त रंग नळीला न लागता पुढे निघून जातो, आणि लागतो तो जाड लागतो.

एअरब्रशमध्ये हे सगळे निर्णय हातात येतात. आयोवाच्या अब्नर पीलर यांनी १८७० च्या दशकात खटपट करून एक ओबडधोबड यंत्र बनवलं, आणि लिबर्टी वॉकप यांनी रॉकफर्डमध्ये त्याला रूप दिलं. रॉकफर्डही इलिनॉयच. पेनासारखं धरायचं, मधून सुई, सुईच्या टोकाशी वेगाने जाणारी हवा, आणि त्या हवेने ओढून बारीक केलेला रंग. सुरुवातीला त्याचा मोठा वापर फोटोंवर हात फिरवायला होत असे, त्यामुळे नाजूकपणा त्याच्या रक्तातच आहे. साध्या प्रकारात ट्रिगर दाबला की हवा आणि रंग दोन्ही येतात. रंग किती यायचा ते स्क्रू फिरवून आधीच ठरवायचं. दुहेरी प्रकारात ट्रिगर खाली दाबला की हवा येते आणि मागे ओढला की रंग. रेघ बारीकची जाड आणि जाडची बारीक चालता चालता करता येते. काहींत रंगाची वाटी वर असते, काहींत बाटली खाली लटकते. सुई जितकी बारीक तितका रंग पातळ करावा लागतो, तितकी ती लवकर तुंबते आणि तितका वेळ धुण्यात जातो.

नवा माणूस दुकानात गेला की ०.२ मिलिमीटरच्या दुहेरी एअरब्रशकडे ओढला जातो. त्याने केसाएवढी रेघ मारता येते. पण केसाएवढी रेघ लागते ती तीन सेंटिमीटरच्या शिपायाच्या भुवईला. रॉकेटला भुवया नसतात. त्याला लागतो एकसारखा, पातळ, रुंद हात. नळी काठीवर खोवून गोल फिरवत, वीतभर अंतरावरून. त्याला ०.५ किंवा त्याहून मोठ्या नॉझलचा, साधा, एकाच कामाचा एअरब्रश पुरतो, आणि तो बारीक सुईवाल्यापेक्षा काम चांगलं करतो. सुई वाढवण्याऐवजी तोच पैसा टाकी असलेल्या कॉम्प्रेसरवर, दाब ठरवायच्या नियंत्रकावर आणि हवेतलं पाणी अडवणाऱ्या सापळ्यावर घालावा. टाकी नसली की हवा ठेचकाळत येते आणि रंगाला ठिपके पडतात.

आपल्या जुन्या काव्यशास्त्रात या विचाराला शब्द आहे. अकराव्या शतकातला काश्मिरी पंडित क्षेमेंद्र याने 'औचित्यविचारचर्चा' या ग्रंथात काव्याचा प्राण औचित्यात आहे असं मांडलं. कमरपट्टा गळ्यात आणि हार कमरेला घातला तर दागिना खरा असूनही हसू येतं, हे त्याचं प्रसिद्ध उदाहरण. दागिन्यात खोट नसते, जागा चुकलेली असते. ०.२च्या सुईने रॉकेट रंगवायला बसलेल्या माणसाची गत तीच आहे. पण औचित्य फक्त वस्तू आणि साधन यांच्यातच बघायचं का, हा खरा प्रश्न. क्षेमेंद्राच्या उदाहरणात हार घडवणाऱ्या सोनाराच्या भट्टीचा धूर नाही. मला तो धूर विसरता येत नाही, कारण माझं आजोळ पेणचं आहे.

मामांचा गणपतींचा कारखाना होता. पेणला मूर्ती बनवायच्या जागेला कारखाना म्हणायची पद्धत आहे, मग तो घराच्या पडवीत का असेना. साच्यातून निघालेली मूर्ती वाळायची, घासली जायची, पांढऱ्याचा हात बसायचा. मग अंगाचा रंग, आणि तो गनने. एक जुना कॉम्प्रेसर, दोन गन. आषाढ-श्रावणात हवेत एवढा ओलावा असायचा की नळीतून रंगाबरोबर पाणी यायचं. मामा थोड्या थोड्या वेळाने टाकीचा नळ सोडून पाणी काढून टाकायचे. अंग, पितांबर, सोंडेवरची छटा, सगळं गनवर. मात्र डोळ्यांची आखणी ब्रशने, आणि ती मामा स्वतःच करायचे, सकाळच्या उजेडात, कुणाशी न बोलता. मी एकदा विचारलं होतं की गनला बारीक तोंड लावून डोळे का नाही करत. ते म्हणाले, "अगं, गन म्हणजे घाई. घाई अंगाला चालते, डोळ्याला नाही." कोणत्या कामाला यंत्र आणि कोणत्या कामाला हात, याचा एवढा नेमका निवाडा मी नंतर कुठल्याही पुस्तकात वाचलेला नाही.

आणि ही एवढी निगुतीची मूर्ती दीड दिवसाने, पाच दिवसांनी, फार तर दहा दिवसांनी पाण्यात जायची. तेव्हा "सोडून द्यायचं ते रंगवायचं कशाला" हा प्रश्न मला परका नाही. मी त्याच्या अंगणात वाढले.

या प्रश्नाला आपल्याकडे एक तयार उत्तर आहे: फळाची आशा न धरता कर्म करावं. मला ते इथे नीट बसत नाही. मामांना फळाची आशा होती. त्या दोन महिन्यांच्या कमाईवर वर्ष जायचं. आणि मी रॉकेटला नारिंगी रंग देते तोच मुळी ते परत मिळावं म्हणून. विसर्जन आणि उड्डाण यांच्यात इथे फरक आहे. मूर्ती सोडताना ती परत येणार नाही हे ठरलेलं असतं, आणि 'पुढच्या वर्षी लवकर या' म्हणताना आपण मूर्तीला नव्हे, देवाला बोलावत असतो. रॉकेट सोडताना तेच रॉकेट, त्याच पंखांवरच्या त्याच ओरखड्यासकट परत हवं असतं. एकीकडे त्याग आहे, दुसरीकडे जोखीम. दोन्हींत काळजी घेण्याला अर्थ आहे, आणि त्या अर्थाचा वस्तू किती दिवस टिकते याच्याशी संबंध नाही. दहा दिवसांच्या मूर्तीसमोर दहा दिवस माणसं बसतात. नऊ सेकंदांचं उड्डाण नऊ सेकंद सगळं मैदान मान वर करून बघतं. बघणाऱ्याच्या वाट्याला जे येतं ते पूर्ण असावं, एवढं कारण काळजी घ्यायला पुरेसं आहे.

म्हणजे अर्ध्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. उरलेला अर्धा: हा खर्च कुणाच्या खात्यावर?

कारखान्यात गन चालवणारा माणूस तोंडाला रुमाल बांधायचा. रुमालाने फार तर रंगाचा मोठा थेंब अडतो. बारीक धुकं आणि थिनरची वाफ त्यातून आरपार जातात. संध्याकाळी रुमालावर नाकाच्या जागी दोन गुलाबी डाग असायचे आणि आम्ही मुलं त्याला हसायचो. पुढे मामांना खोकला लागला. विडीही होती आणि रंगही. डॉक्टरांनी दोन्हीकडे बोट दाखवलं. मामांनी विडी सोडली. रंग सोडून काय खाणार होते?

फवाऱ्याच्या यंत्राचा इतिहास या बाबतीत मोठा विचित्र आहे. ओहायोतल्या टोलेडोचे डॉक्टर ॲलन डेव्हिल्बिस यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रोग्याच्या घशात औषध फवारायला एक यंत्र बनवलं. त्यांच्या मुलाने तेच तत्त्व आधी अत्तराच्या बाटल्यांना आणि मग रंगाच्या गनला लावलं. म्हणजे घसा बरा करायला निघालेलं यंत्र दोन पिढ्यांत घसा बिघडवणारं झालं. कारण तत्त्व एकच आहे. द्रवाचे इतके बारीक कण करायचे की ते श्वासाबरोबर आत जातील. औषधाच्या बाबतीत तो गुण असतो, रंगाच्या बाबतीत तोच दोष.

दूरच्या खात्यावर खर्च कसा पडतो, याचं उदाहरणही स्प्रेच्या डब्यातच आहे. त्यात रंग ढकलायला पूर्वी क्लोरोफ्लुरोकार्बन वायू वापरत. १९७४ साली मोलिना आणि रोलंड या शास्त्रज्ञांनी हे वायू ओझोनचा थर खातात हे दाखवलं. १९७८ मध्ये अमेरिकेने स्प्रेमधला त्यांचा बहुतेक वापर बंद केला. रविवारी दुपारी गॅरेजमध्ये बाक रंगवणाऱ्या माणसाच्या मनातही नव्हतं की त्याच्या बोटाखालचा वायू आभाळाच्या वरच्या मजल्यावर जाऊन पोचेल. आता डब्यांत प्रोपेन, ब्यूटेन असे वायू असतात. ओझोनला त्यांचा त्रास नाही, पण ते पेट घेतात, आणि रंगातले द्रावक तर हवेत जातातच.

हे सगळं माहीत असताना माझ्यासारखीने काय करावं? मी जोडघरात राहते. एक भिंत शेजाऱ्यांबरोबर सामाईक आहे आणि पलीकडे ऑक्सिजनची नळी लावलेले एक आजोबा आहेत. आमच्या मैदानावरचा एक गडी, जो माझ्याहून कितीतरी सुंदर रॉकेटं रंगवतो, मला म्हणाला, "फुफ्फुसं माझी, गॅरेज माझं, मग कुणाचं काय जातं?" तो दोन घटकांची मोटारीची लॅकर वापरतो. तिची चकाकी खरोखरच पाण्यासारखी असते. तिच्या कडक होणाऱ्या भागात आयसोसायनेट असतात आणि ते एकदा छातीला बाधले की जन्मभराचा दमा मागे लावू शकतात. त्यांच्यासमोर साधा मास्क पुरत नाही. बाहेरून नळीने आणलेली शुद्ध हवा लागते.

त्याचं म्हणणं मी हलकं लेखत नाही. प्रौढ माणसाला स्वतःच्या अंगावर जोखीम घ्यायचा हक्क आहे, नाहीतर डोंगर चढणंही बंद करावं लागेल. पण दोन गोष्टी त्या वाक्यात बसत नाहीत. एक म्हणजे फवारा हा हक्कांच्या कुंपणाशी थांबत नाही. ज्याला लागायचं त्याला न लागता पुढे गेलेला रंग, हे या सगळ्या यंत्रांचं मूळ लक्षण आहे. दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. मामाही असंच म्हणत, "माझी छाती, माझा धंदा." पण त्यांच्या तोंडी ते वाक्य नाइलाजाचं होतं, आणि गॅरेजमधल्या माणसाच्या तोंडी ते ऐटीचं आहे.

छंदाला पोटाची सबब नसते. आपण सहसा उलट विचार करतो: धंद्यात नियम हवेत, छंदात काय, गंमतच तर आहे. मला वाटतं, गंमत आहे म्हणूनच तिथे नियम कडक हवेत. कारखान्यातल्या माणसाने रुमालावर भागवलं तर त्याच्यामागे दिवसाची मजुरी असते, गिऱ्हाइकाने ठरवलेला भाव असतो, चतुर्थीची तारीख असते. माझ्यामागे काहीच नाही. मला कुणी बोलावलं नव्हतं. रॉकेट न रंगवता मी घरी बसले असते तर जगाचं काही अडलं नसतं. ज्या कामाची कुणाला गरज नाही, त्याची किंमत दुसऱ्या कुणी मोजावी हे कोणत्याच हिशेबात बसत नाही. आणि हा छंद तर मुलांची बोटं वाचवायला सुरू झालेला. बोटं राखायची आणि श्वास द्यायचा, हा व्यवहार कसला?

म्हणून मी खरेदीचा क्रम उलटा केला. आधी मास्क: द्रावकाची वाफ शोषणारा आणि बारीक कण अडवणारा, दोन्ही कार्ट्रिजांचा, चेहऱ्याला घट्ट बसणारा. मग खिडकीतून थेट बाहेर हवा फेकणारा पंख्याचा खोका. खिडकी आजोबांच्या बाजूची नव्हे, रस्त्याच्या बाजूची. मग टाकीचा कॉम्प्रेसर. मग पाण्यातले ॲक्रिलिक रंग. एअरब्रश सर्वांत शेवटी, आणि तोही साधा. पाण्यातले रंग निरुपद्रवी असतात असं नाही. फवारला की कोणताही रंग धूळच असतो, मास्क लावावाच लागतो. पण भिंतीपलीकडे वास जात नाही आणि हात धुवायला थिनर लागत नाही. यात माझं नुकसानही आहे. माझ्या रॉकेटांना ती पाण्यासारखी चकाकी येत नाही. जवळून बघितलं तर ती जरा मंद दिसतात, आणि मैदानावर टेबलावर ओळीने मांडली की तो फरक मलाही कळतो. तो मी मान्य करून बसले आहे. चार-पाच ग्रॅम वाचतात, हा वरचा फायदा.

पण हे सगळं मी करू शकते, कारण मला वेळ आहे, पैसा आहे आणि माझ्या हवेत ओलावा कमी आहे. मामांचा कारखाना आता त्यांचा मुलगा चालवतो. मी त्याला दोन मास्क पाठवले. पुढच्या वेळी गेले तेव्हा एक खिळ्याला टांगलेला होता आणि दुसऱ्यात माती भरलेली होती. तो ओशाळला नाही. म्हणाला, "ताई, सीझनला दिवसभर गन हातात असते. श्रावणातल्या उकाड्यात हे तोंडावर बांधलं की दहा मिनिटांत घाम डोळ्यात जातो. मूर्ती दिसायला तर हवी." त्याचं बरोबर होतं. मग आम्ही दोघांनी बसून गनच्या कोपऱ्यात मागच्या भिंतीला भोक पाडून एक मोठा एक्झॉस्ट फॅन बसवला, फवारा त्याच्या तोंडाकडे जाईल असा. तो मात्र रोज चालतो, कारण त्याला कुणी तोंडावर बांधावं लागत नाही. बटण दाबलं की झालं, आणि मालकाबरोबर गड्यालाही तीच हवा मिळते. भिंतीपलीकडे मोकळी जागा आहे म्हणून हे जमलं. दाटीच्या आळीत तोच पंखा शेजाऱ्याच्या घरात रंग फेकेल. काळजी माणसाच्या निग्रहावर सोपवण्यापेक्षा जागेच्या रचनेत बसवावी, हे मला त्या पंख्याने शिकवलं. आणि मूर्ती विकत घेताना दोनशे रुपयांसाठी घासाघीस करणाऱ्या आपणा गिऱ्हाइकांना त्या पंख्याचं बिल कधी दिसत नाही, हेही.

तेव्हा मैदानावर कुणी नवीन माणूस "कोणता एअरब्रश घेऊ?" असं विचारतो, तेव्हा मी त्याला उलट विचारते. रंगवणार कुठे आहेस? भिंतीपलीकडे कोण राहतं? रॉकेट काचेच्या कपाटात ठेवणार आहेस की उडवणार आहेस? या तिन्हींची उत्तरं मिळाली की साधन बहुतेक आपोआप ठरतं. मोकळं अंगण असेल, वाऱ्याचा अंदाज असेल आणि वर्षाला दोनच रॉकेटं करणार असेल, तर चांगला मास्क लावून रंगाचा स्प्रे वापर, हात पातळ ठेव, आणि डब्यावर लिहिलेली दोन हातांमधली वेळ पाळ. घरातच रंगवायचं असेल तर आधी हवा बाहेर जायची सोय कर, मग कॉम्प्रेसर घे, मग अर्ध्या मिलिमीटरचा साधा एअरब्रश. बारीक सुई मागून कधीही घेता येते. आणि पहिली बाटली नारिंगीची घे. इथला मका फार उंच असतो.